काळ्या कापडावरचे थेंब

माझी मुलगी काय करते, असे कोणी विचारले की गेली चार वर्षे मी एकच उत्तर देत आलो होतो: ‘ती रंग न वापरता रंग तयार करते.’ हे वाक्य मला मनापासून आवडत असे. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. वाक्य नीट बसले की अर्थही बसला, असा समज त्या सवयीतून कधी झाला, ते माझे मलाच कळले नाही. शनिवार पेठेतल्या एका दुकानदाराने माझे हे उत्तर ऐकून तूरडाळ तोलता तोलता म्हटले होते, “म्हणजे रंगाचा खर्च वाचतो म्हणायचा.” मी हसलो. खरे तर त्याच्यापेक्षा मला अधिक काही ठाऊक नव्हते.

मुलगी शहरातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. द्रव स्फटिकांचे थेंब आणि त्यांची कवचे, हा तिचा विषय. जानेवारीतल्या एका संध्याकाळी, धायरीच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने मला तो समजावून सांगितला होता. पत्नी तेव्हा तिच्या आईच्या आजारपणासाठी परगावी होती, त्यामुळे श्रोता मी एकटाच.

“बाबा, हे द्रवही आहे आणि स्फटिकही. ओतलं की वाहतं, पण आतले रेणू शिस्तीत असतात. काड्यांसारखे. आता काड्यांचा एक थर डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावर दुसरा थर, पण जरासा फिरवलेला. त्याच्यावर तिसरा, आणखी जरासा.”

“गोल जिना,” मी म्हणालो.

“बरोब्बर! एक पूर्ण फेरी व्हायला किती उंची लागते, त्यावर रंग ठरतो. फेरी लांब असेल तर तांबडा परत येतो, आखूड असेल तर निळा. बाकीचा प्रकाश सरळ आरपार.”

मग तिने कवचांविषयी सांगितले. आत पाण्याचा थेंब, त्याभोवती या द्रवाचे अतिशय पातळ आवरण, बाहेर पुन्हा पाणी. “आत्याचा हलवा असतो ना? आत तीळ, वर साखर. तसंच, फक्त तिळाच्या जागी पाणी.” माझी थोरली बहीण दर संक्रांतीला कढईत तीळ घेऊन, वर पाकाचे थेंब सोडत, बोटे भाजून घेत काटेरी हलवा करते. ती उपमा मला लगेच पटली. मुलीची कवचे अर्थात बोटांनी होत नाहीत. केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांतून ती एकामागून एक सोडली जातात. मग विशिष्ट प्रकाशाखाली ती घट्ट होतात आणि पारदर्शक डिंकासारख्या पदार्थात बसवून त्यांचा तळहाताएवढा पातळ पत्रा करता येतो.

पडद्यावर तिने सूक्ष्मदर्शकातले चित्र दाखवले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खेटून बसलेले गोल. प्रत्येकाच्या मध्यभागी एक तांबडा ठिपका आणि त्याभोवती छोटे निळे-हिरवे ठिपके.

“गोल जिने सगळे आतून बाहेरच्या दिशेनं असतात. म्हणून कुठूनही बघा, एक जिना तुमच्यासमोर येतोच. मधला ठिपका त्याचा.”

“आणि हे बाजूचे?”

“ते शेजाऱ्यांचे. एका थेंबावर पडलेला प्रकाश तिरका शेजारच्याकडे जातो आणि तिथून वळून आपल्या डोळ्यांत येतो. तिरका जातो म्हणून त्याचा रंग बदलतो. मधला एक थेंब काढून टाकला ना, तर भोवतीच्या सगळ्यांच्या अंगावरचा त्याच्या दिशेचा ठिपका विझतो.”

हे ऐकताना माझे मन भरून आले, आणि नेमके तिथेच माझे ऐकणे थांबले. ती पुढेही बोलत होती. मी मात्र तिच्या बोलण्यातला ठामपणा, पडद्यावर फिरणारे तिचे बोट आणि समजावताना पुढे झुकणारी तिची मान पाहत राहिलो. हे सगळे उद्या शिक्षकांच्या खोलीत कसे सांगायचे, याची वाक्ये मी मनात जुळवू लागलो होतो. त्या पुढच्या बोलण्यात काळ्या कापडाविषयी काहीतरी होते, एवढेच नंतर आठवले.

संस्थेचा खुला दिवस संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मध्ये आला होता. सामान्य नागरिकांसाठी संस्था एक छोटे कायमचे दालन उभारणार होती आणि विद्यार्थ्यांनी मांडलेल्या टेबलांपैकी एकाचे काम त्यात ठेवले जाणार होते. संचालक दोन पाहुण्यांसह सगळीकडे फिरून ते ठरवणार होते. माझ्या मुलीला ते दालन हवे होते. पहिली दोन वर्षे तिची कवचे फुटत असत. ती टिकू लागली, तेव्हा एका चर्चासत्रात कोणीतरी म्हणाले, “दिसायला सुंदर आहे, पण पुढे काय?” त्या दिवशी घरी येऊन तिने घासलेली भांडी पुन्हा घासली होती. लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहता पाहता त्यांना समजावे, हेच तिचे ‘पुढे’ होते. त्या दालनाविषयी ती माझ्याशी फारशी बोलली नाही, यावरूनच ते तिला किती हवे होते ते मला कळले.

ती पहाटेच संस्थेत गेली. जाताना एक पिशवी माझ्याकडे दिली. तीत टेबलावर घालायचे कापड होते, एक छोटा दिवा होता आणि चित्रपटगृहात त्रिमिती चित्रपटासाठी मिळतात तसले चष्मे होते. वाटेत शनिवार पेठेतून ताईला घ्यायचे होते. भाचीचे काम पाहायला ती उत्सुक होती आणि तिथून परस्पर एका हळदीकुंकवाला जाणार होती. त्यामुळे ती चंद्रकळा नेसून तयार होती. ताईच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि या गोष्टीचा तिला अभिमान आहे.

हलव्याचा डबा ठेवायला तिने पिशवी उघडली.

“हे काय? काळं?”

“टेबलावर घालायचं आहे. तिनेच दिलंय.”

“तिथं दीपप्रज्वलन वगैरे असेल ना रे?”

“उद्घाटन म्हटल्यावर असेलच.”

“आणि पोरीच्या चार वर्षांच्या कामाखाली तू काळं अंथरणार?”

“ताई, तू स्वतः काळी साडी नेसली आहेस.”

“ही संक्रांतीची. ही अंगावर नेसतात, शुभकार्यात टेबलावर अंथरत नाहीत. मराठी शिकवतोस ना? मग एवढं कळू नये?”

असे म्हणून तिने कपाटातून एक पांढरेशुभ्र कापड काढले. त्याच्या कडेने रेशमाची बारीक वेल भरलेली होती. ते तिच्या रुखवतातले होते, तिने स्वतः भरलेले. इतकी वर्षे घडी न मोडता जपलेले. ते भाचीसाठी काढताना तिचा चेहरा असा उजळला की ‘नको’ म्हणणे मला जमले नाही.

परंतु सगळा दोष ताईच्या पदरात टाकणे बरे नव्हे. मी मनातल्या मनात विचार केला होता, आणि तो शुद्ध मास्तरी होता: अक्षरे पांढऱ्या कागदावर उठून दिसतात, तसे रंगही पांढऱ्यावरच खुलतील. मुलीला एक फोन करावा, असेही मनात आले. पण ती गडबडीत असेल, असे म्हणून मी ते टाळले. काळे कापड ताईच्या दिवाणावर राहिले.

संस्थेच्या फाटकाशी मुलगी धावत आली. तिने एक चपटा डबा माझ्या हातात दिला आणि आमचे टेबल लांबूनच दाखवले. “बाबा, कापड घाला, त्याच्यावर हा पत्रा ठेवा, दिवा लावा. मी मायक्रोस्कोप घेऊन आलेच.” आणि ती पळाली. पिशवीत डोकावण्याइतकाही वेळ तिला नव्हता.

मी सारे काळजीपूर्वक मांडले. ताईने कापडाच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या. मग मी पत्रा ठेवला आणि दिवा लावला.

काहीच दिसले नाही. म्हणजे पत्रा दिसला. पण वाळलेल्या डिंकाचा तुकडा दिसावा तसा, किंचित धुरकट. मी दिवा जवळ नेला, लांब नेला. ताईने चष्मा पुसून पाहिले. इतक्यात एक वयस्क गृहस्थ सपत्नीक टेबलाशी आले.

“हे काय आहे?”

“थेंब आहेत,” मी म्हणालो.

“कुठं?”

“यातच. रंगीत प्रकाश परत देतात.”

गृहस्थांनी बराच वेळ निरखून पाहिले. “दिसत नाहीत.”

“फार सूक्ष्म आहेत.”

“मग आम्हाला कशाला बोलावलंत?” असे म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळले.

मुलगी मायक्रोस्कोप उराशी धरून आली, तेव्हा संचालक आणि दोन पाहुणे शेजारच्याच टेबलाशी उभे होते. तिची नजर कापडावर गेली. माझ्याकडे ती पाहीना.

“बाबा, काळं कापड?”

“ते शनिवार पेठेत आहे.”

तिने डोळे मिटले आणि उघडले. तिच्या हातातले ओझे घ्यावे, एवढेही मला त्या वेळी सुचले नाही. चार वर्षे ज्या गोष्टीचा मी गावभर अभिमान मिरवला, तिच्याविषयी सांगितलेले मी शेवटपर्यंत ऐकलेही नव्हते, हे मला त्या पांढऱ्या कापडावर लख्ख दिसत होते.

“नमस्कार. काय दाखवता आहात?” संचालक आलेच.

एका पाहुण्यांनी वाकून पत्र्याकडे पाहिले. “पारदर्शक आहे,” ते सौजन्याने म्हणाले. सौजन्याचा तो सूर मी ओळखतो. उत्तरपत्रिकेत काहीच नसते, तेव्हा मी ‘अक्षर चांगले आहे’ असे लिहितो.

“सर, एक मिनिट,” मुलगी म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि तिची नजर आत्यावर स्थिरावली. “आत्या, पुढे ये. पदर पसर.”

“काय?” ताई दचकली. “अगं, आपल्या घराण्यात कोणी कोणापुढे पदर पसरला नाही!”

“कोणापुढे नको गं. टेबलावर पसर.”

दुसरे पाहुणे हसू दाबू लागले. ताईने एकदा माझ्याकडे रागाने पाहिले, जणू हेही माझेच काम होते. मग खांद्यावरचा पदर मोकळा करून तिने तो आपल्याच रुखवतातल्या त्या कापडावर पसरला. मुलीने पत्रा उचलून त्याच्यावर ठेवला.

टेबलाभोवतीचे सगळे पुढे वाकले. काळ्या सुतावर तांबडे आणि हिरवे कण पेटून उठले होते. मोरपिसाच्या डोळ्यात असतो तसा तो रंग होता, आतून आल्यासारखा. मान जराशी हलवली की तो या कणावरून त्या कणावर सरके.

मी सुटलो, असे मला वाटले. मुलगी मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिने पत्रा सावकाश बाजूला सरकवला, अर्धा पदरावर आणि अर्धा पांढऱ्या कापडावर येईल असा. मधली रेघ चाकूने कापावी तशी होती: अलीकडे रंग पेटलेले, पलीकडे डिंकाचा तुकडा.

“सर, यात रंग घातलेलाच नाही. फक्त रचना आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज आता त्या संध्याकाळचा होता. “कवचं थोडासाच प्रकाश परत पाठवतात. बाकीचा आरपार जातो. खाली पांढरं असेल तर तो खालून उलटतो आणि आमचा रंग धुऊन टाकतो. खाली काळं असेल तर तो तिथंच जिरतो. म्हणून इथे दिसतं, आणि इथे तेच असूनही दिसत नाही.”

संचालकांनी बोट त्या रेघेवर ठेवले. “ही तुलना फारच चांगली योजली आहे.”

“पांढरं बाबांनी आणलंय,” ती म्हणाली, “आणि काळं आत्यानं.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. तिने मला झाकलेही नाही आणि उघडेही पाडले नाही. माझी चूक तिने उचलली आणि आपल्या विषयाच्या कामाला लावली. तो क्षण आठवला की आजही माझी मान एकाच वेळी खालीही जाते आणि ताठही होते.

मग तिने चष्मे काढले. पाहुण्यांना एकेक डोळा मिटून पाहायला सांगितले. एका काचेतून कण झळाळत होते, दुसरीतून जवळजवळ विझलेले. जिना एकाच बाजूला वळतो, म्हणून परत येणारा प्रकाशही एकाच बाजूला पीळ घेऊन येतो आणि चष्म्याची एक काच त्याला वाट देते, दुसरी देत नाही, हे तिने सांगितले. ताईनेही चष्मा लावून पाहिला.

“एका डोळ्याला दिसतं, दुसऱ्याला नाही. मोतीबिंदू नाही ना गं हा?”

“नाही आत्या, हे सगळ्यांनाच होतं.”

“मग ठीक,” असे म्हणून ताईने मोकळ्या हाताने डबा उघडला आणि संचालकांपुढे धरला. “तिळगूळ घ्या, गोड बोला. विशेषतः निकाल सांगताना.”

त्यानंतर त्या टेबलाशी गर्दी हटली नाही. कोणी विद्यार्थी काळे कार्डशीट घेऊन आला, तेव्हा ताईने त्याला परत पाठवले. “कागद? माझ्या साडीसमोर कागद?” हळदीकुंकवाची वेळ टळून गेली. पदर टेबलावर अडकल्यामुळे तिला हलता येईना, आणि खरे सांगायचे तर हलायचेही नव्हते. खुर्ची मागवून ती दुपारभर तिथे बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला “आधी पांढऱ्यावर बघा, मग माझ्याकडे या,” असे सांगू लागली. ते सकाळचे गृहस्थही पुन्हा आले.

“आता दिसतात,” ते मला म्हणाले.

“हो.”

“मग सकाळी काय झालं होतं?”

“सकाळची मांडणी माझी होती.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, आणि पहिल्यांदाच हसले.

संध्याकाळी ताईला घरी पोचवून, तिच्या दिवाणावरचे ते काळे कापड घेऊन, आम्ही स्वारगेटला धायरीच्या बससाठी उभे राहिलो. निकाल लागायचा होता. मला राहवेना.

“तू मला सांगितलं होतंस,” मी म्हणालो.

“हो.”

“मी ऐकलं नाही. मी तुझ्याकडे बघत बसलो होतो.”

 एक बस भरून गेली, आम्ही तीत चढलो नाही. मग तिने काळ्या कापडाची घडी माझ्या हातात नीट धरायला लावली आणि त्यावर बोटाने एक गोल काढला. “परत सांगू?”

या वेळी मी प्रश्न विचारले. वेडगळही विचारले. कवचाच्या आतल्या पाण्याचे काय होते, जिने एकमेकांना धडकत नाहीत का, थेंब एकटाच असेल तर त्याच्या अंगावर काय दिसते. “फक्त मधला ठिपका,” ती म्हणाली. ती दमली होती. पण प्रत्येक प्रश्नाबरोबर तिचा आवाज पुन्हा उजळत गेला. चार वर्षांत मी तिचे कौतुक पुष्कळ केले होते, प्रश्न मात्र जेमतेम एखादाच विचारला होता. तिला दोहोंपैकी काय हवे असेल, हे त्या थांब्यावर मला कळले.

काही दिवसांनी ती घरी आली ती चप्पल न काढताच आत आली. दालन तिला मिळाले होते. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी निरोप दिला होता की पत्रा तसाच, अर्धा पांढऱ्यावर आणि अर्धा काळ्यावर ठेवायचा.

मांडणीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. पत्नीही परत आली होती. काचेची पेटी उघडी होती. मी काळे कापड मुलीच्या हाती देऊ लागलो, तर तिने हात मागे घेतले.

“बाबा, कापड तुम्ही घाला.”

मी घातले. आधी पांढरे, ताईच्या रुखवतातले. ताईने ते आपणहून दिले होते, फक्त वेल दिसेल असे घालण्याची अट होती. मग अर्ध्यावर काळे. कड पुन्हा एकदा सरळ केली. ताईने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि काळ्या कापडाच्या कोपऱ्यावर हळूच एक बोट टेकवले.

“आत्या, सॅम्पलला लागू देऊ नकोस हं.”

“कळतं मला. माझ्या चंद्रकळेएवढं काळं नाही हे. पण आता चालेल.”

मुलीने पत्रा ठेवला, पेटी बंद केली आणि दिवा लावला. रंग त्या रेघेपर्यंत आले आणि थांबले.

तेवढ्यात दाराशी रखवालदार डोकावला. “साहेब, हे काय आहे?” त्याने मलाच विचारले, कारण मीच सगळ्यांत पुढे उभा होतो. माझे जुने, घोटलेले वाक्य ओठांवर आले होते. ते मी गिळले. काड्यांच्या थरापासून सुरुवात केली. मग जिना, मग कवच, मग शेजाऱ्याकडून वळून आलेला प्रकाश, आणि शेवटी खाली काळे का हवे ते. मध्ये दोनदा अडखळलो, एकदा मागे जाऊन पुन्हा सांगितले. मुलगी माझ्या मागेच उभी होती. मी बोलत होतो तेवढा वेळ तिने एकही दुरुस्ती केली नाही.